मल्हारीनं बनवलेलं पेडल

चिकलठाणा, औरंगाबाद
५ जानेवारी १९९४

मल्हारी,

आक्काचा आशीर्वाद घे. आम्ही बरे आहोत. तुझ्या सुनेचा खोकला गेला का ते कळव.

एरवी माझी पत्रं आपलं पोरगं, कारभारी, लिहितो. आज मीच लिहिते, कारखान्यात, जेवणाच्या सुट्टीत. चौथीचं अक्षर आहे, दमानं वाच.

काम असं. तू भाच्याला गिटारीचं पेडल करून दिलंस, पायानं आवाज कमीजास्त करायचं अन् स्पीकरच्या डाव्या पेटीतनं उजव्या पेटीत न्यायचं, ते बिघडलं. दुसरं धाड. तुझं पुण्याच्या दुकानात रोजचं हेच काम. भरवशाचं पाहिजे. आत दोरीवालं नको, दोरी ढिली पडते, दात्याच्या चाकाचं दे. आतला आवाजाचा कंट्रोल जोडीचा लागतो, एका दांडीवर दोन. इथं गुलमंडीपासून पैठण गेटपर्यंत हिंडले, सगळे सुटा एकच दाखवतात. एक दुकानदार म्हणला, "मावशी, रेडिओलाच लावायचा ना, एक बस झाला." मी म्हणलं, "कारखान्यात दिवसाला दोनशे कंट्रोल कथलाचा टाका मारून बसवते मी, मला नको शिकवू." धाडायच्या आधी शंभरदा दाबून ऐक, टाचेपासून चवड्यापर्यंत. एकदा जरी खरखरला तर ठेव तिकडंच.

अन् कारभारीला चार ओळी लिही की पहिला कंट्रोलच कच्चा होता, चूक तुझी होती. का ते विचारू नको.

विद्यापीठाच्या नामांतराचं आता होणार, होणार चाललंय. मोर्चे, बंद, पोलिसांच्या गाड्या. कंपनीची बस दोनदा अर्ध्यातनं परत फिरली. नाव झालं की कडूबाईच्या वस्तीत गाण्याचा कार्यक्रम आहे. कडूबाई माझ्या शेजारच्या स्टुलावर बसते, चौदा वर्षं झाली. अठ्ठ्याहत्तरला ह्याच नावावरनं दंगल झाली, गावात तिचं घर जाळलं, तवा पोराला, पुंजारामला, कडेवर घेऊन शहरात आली. तो गातो, आपला कारभारी वाजवतो. आम्ही दोघी तालमीला गेलो होतो. आवाज ह्या पेटीतनं त्या पेटीत गेला तशी कडूबाई मान वळवून बघती, "अगं राजाबाई, तुझं पोरगं आवाजाला चालवतंय की!" लई हसलो.

मग गावाकडनं धाकटे दीर आले, धोंडिबा. चहा पिता पिता म्हणले, "वहिनी, पोरगं तिथं वाजवायला बसलं तर घरी आल्यावर बोटं मोजून घ्या." हसत म्हणले. त्यांचं हसणं मी ओळखते.

तवापासून कडी वाजली की आधी फटीतनं बघते. कारभारीला म्हणलं, जाऊ नको. तर म्हणला, "आई, पेडल बंद पडलं तरच मी नाय जाणार." असं बोलला तो. मी काय करणार होते?

मल्हारी, पेडल मी बिघडवलं.

तो कामावर गेला तवा चार स्क्रू काढले. एकच तार सोडवायची होती. कार्यक्रम झाला की परत टाका मारीन म्हणलं. एवढ्या वर्षांत कधी चुकले नाय, त्या दिवशी चुकले. तापलेली सळई जास्त टेकली, कंट्रोलच्या आतली काळी पट्टीच जळाली. आता टाका मारून उपयोग नाय.

त्याच संध्याकाळी पुंजारामनं पेडल आमच्या घरनं सायकलवर तालमीला नेलं. तिथं ते मुकं. उघडलं तर तार सुटलेली. आपलं पोरगं सगळ्यांदेखत त्याला म्हणलं, "तुम्हा लोकांच्या हातात चांगली वस्तू द्यायचीच नाय."

हे मी त्याला कधी शिकवलं? का शिकवलं, न कळता?

पुंजारामनं माइक खाली ठेवला अन् गेला. कडूबाई आता पलीकडच्या रांगेत बसती. दिरांनी नुसतं बोलून दाखवलं, करून मी दाखवलं.

बोटांची भीती गेली नाय, आहेच. त्यात खरं सांगितलं तर पोरगं घर सोडंल ही भीती. नाय सांगितलं तर ते असंच राहील, ही त्याहून मोठी.

वर लिहिलंय की चूक तुझी म्हण, तसं लिहू नको. पेडल संक्रांतीच्या आधी एस.टी.नं धाड. पार्सलवर नाव कारभारीचं नको, पुंजारामचं टाक. कारभारीला त्याच्या दारात जाऊन मागू दे. कारभारीला खरं काय ते मी आज घरी गेल्यावर सांगते.

त्याच्या आधी, चहाच्या सुट्टीत, पलीकडच्या रांगेत जाऊन हे पत्र कडूबाईला वाचून दाखवणार आहे. मगच टपालाच्या पेटीत टाकीन. धीर झाला नाय तर फाडीन.

तुला पोचलं तर समज, वाचलं.

तुझी आक्का,
राजाबाई