कुंपण एक नंबर आहे, भाऊजी

ग्वाल्हेर
होळीला दहा दिवस आहेत

श्री. जयसिंहराव भाऊजी यांस,

तुम्ही नात्यानं धाकटे आणि वयानं माझ्याहून चार वर्षांनी मोठे, म्हणून आशीर्वाद पण पाठवते आणि नमस्कार पण. जो लागू पडेल तो ठेवून घ्या, उरलेला निवेदिताला द्या. तुमचे गुडघे कसे आहेत? इथून पुण्याला गेल्यापासून जिना चढता येतो का? मी ठीक आहे. दात दोन कमी झाले, पण बोलण्यावर काही परिणाम नाही.

फोन सोडून पत्र का, असं तुम्ही विचारणार. फोनवर तुम्ही "वहिनी, आधी माझं ऐका" म्हणता आणि मग गाडी स्टेशनात येईपर्यंत मला ऐकावंच लागतं. पत्रात मधे बोलता येत नाही. बसा आता.

तर पहिली गोष्ट, तुमचं कुंपण एक नंबर आहे. येणारा-जाणारा थांबून बघतो. शेजारचे दौलतसिंह तर सकाळी दातून करत करत त्याला हात लावून जातात, म्हणतात, "काकीजी, ऐसी फेंसिंग तो एयरफोर्सवालों की भी नहीं." जाळी दोन फूट जमिनीत, खांब सिमेंटात, वरून काटेरी तार. तीस वर्षं फौजेत तारा ओढलेला माणूस तुम्ही, उगीच का? मे महिन्याच्या उन्हात डोक्याला ओला टॉवेल बांधून तुम्ही काम केलंत, ते मी विसरले नाही. (टॉवेल माझा होता, तो पुण्याला गेला आहे. ते पण विसरले नाही.)

आता दुसरी गोष्ट. खोकड आत येतं.

इथे त्याला लोमडी म्हणतात, आमच्या गावाला खोकड. एवढंसं, मांजराहून थोडं मोठं, शेपटीचं टोक काजळात बुडवल्यासारखं. सिटी सेंटरच्या मागची मोकळी रानं गेली, तिथे दुकानं आली, मग त्यानं जायचं कुठे? आपल्या बागेत बोरं पडलेली असतात, भुईमुगाचा वाफा असतो. पावसाळ्यात त्यानं जाळीखालून खणून बघितलं. दोन फूट खाली तुमची जाळी लागली, तर तिथेच बसून विचार करत राहिलं. मी खिडकीतून बघत होते. भाऊजी, खोटं नाही सांगत, तुमच्या कामाची एवढी इज्जत दुसऱ्या कुणी केली नसेल.

मग पितृपक्ष आला. तुम्हाला आठवतं, तुमच्या थोरल्या बंधूंच्या श्राद्धाला दर वर्षी काय गडबड होते. कावळाच शिवत नाही. पान कुंपणाच्या कडेला ठेवलं, सावलीत मी, उन्हात समोरच्या शालिनीताई. (त्या जातात येतात म्हणून बऱ्या, पण कावळ्यासमोर त्या मला भलतीच वचनं द्यायला लावतात.) "सांगा, बाग नीट राखीन. सांगा, भाऊजींशी भांडणार नाही." मी म्हटलं, दुसरं राहू द्या, ते पाळता येणार नाही. तुम्ही पुण्याहून स्पीकरवर, "दादा, कुंपण मी बघतो, निश्चिंत राहा!" म्हणून ओरडलात, तर होता तो एक कावळा पण उडाला. एक वाजला. माझ्या पोटात कावळे, झाडावर एक नाही.

आणि मग पावसाचं पाणी जायला तुम्ही जो सिमेंटचा पाइप टाकला आहे ना, त्यातून आधी नाक आलं, मग कान, मग सगळं खोकड. भर दुपारी. आमच्याकडे एकदा बघितलं आणि पानावर गेलं. आधी वडा खाल्ला. मग खीर. मग कढीभात. गवारीची भाजी नाकानं बाजूला सारली आणि पानाबाहेर ठेवली.

शालिनीताई माझ्याकडे बघायला लागल्या, मी त्यांच्याकडे. चाळीस वर्षं ह्यांच्या ताटाबाहेर मी ती गवार बघितली आहे. तशीच, उजव्या हाताला. मी काही म्हणत नाही. मी सातवी शिकलेली बाई, मला काय कळतं? पण त्या दिवशी मी पोटभर जेवले.

दसऱ्याला तुम्ही आलात, पाइप बघितलात, कपाळाला हात लावलात आणि त्याला लोखंडी जाळी ठोकलीत. चार स्क्रू, चारही तिरपे न जाता बसले. बघत राहावं असं काम. तरी खोकड आत! मग तुम्ही फोनवरून जे जे सांगितलं ते ते मी केलं. मिरचीचा धूर केला, त्यात मीच खोकले. रेडिओ लावून ठेवला, तर ते खताचा कार्यक्रम संपेपर्यंत बसून राहिलं. मग तुमचा हुकूम आला, "दादाचा कोट घालून बुजगावणं उभं करा, माणसाच्या वासानं जवळ येणार नाही." केलं. कोट चढवला, वर ह्यांची ती लाल पगडी पण ठेवली, म्हटलं अर्धवट काम कशाला.

दूधवाला त्याला "राम राम साहब" म्हणून जातो. संक्रांतीला शालिनीताई तिळगूळ घेऊन आल्या, चष्मा घरी विसरलेल्या, कोट बघून पदर सावरला, बाहीत तिळगूळ ठेवला आणि म्हणाल्या, "गोड बोला." (हयातीत कधी बोलले नाहीत, ते आता कुठे बोलणार.) आणि खोकड? ते त्या कोटाच्या सावलीतच झोपतं. तिळगूळ पण त्यानंच खाल्ला.

आता परवा तुम्ही कळवलंत की रंगपंचमीला झटका मशीन घेऊन येता, चारी बाजूंनी करंटची तार ओढणार, मग बघू कसं येतं. तुमची जिद्द मानली. हरणारा माणूस तुम्ही नाहीच. या, जरूर या, पुरणपोळी करते.

निवेदिताला सांगा, तिनं पाठवलेली साडी नेसले, लांबी पुरली.

तुमची
वहिनी

ता. क. झटका मशीन आणू नका.

ता. क. दुसरा. तुमच्या कुंपणात काही कमी नाही, खोकड आत येतं ते मनाला लावून घेऊ नका. पाइपाची जाळी मी काढली आहे. तुम्ही दसऱ्याला गाडीत बसलात आणि मी स्क्रूड्रायव्हर घेऊन बसले. चार स्क्रू काढायला पूर्ण दुपार गेली, असं काम आहे तुमचं. जाळी हल्ली गॅसवर असते, वांगी फार छान भाजली जातात. आलात की भरीत करते. पण ती परत ठोकायची नाही आणि करंट तर बिलकुल नाही. पुढच्या पितृपक्षात मी कुणाची वाट बघू?

ता. क. तिसरा. मुख्य सांगायचं राहिलंच. काल सकाळी बुजगावण्याच्या पायाशी माती हलली आणि तीन पिल्लं बाहेर आली. म्हणजे ते खोकड नाही, खोकडीण आहे. मी आधी दचकले, मग इतकं हसू आलं की ओट्यावर बसावं लागलं. तुमचे बंधू जन्मभर मला विचारायचे, "दिवसभर घरात तुला काम तरी काय असतं?" आता तीन पिल्लं आहेत, एक चावतं, एक पळतं, एक दूध सोडत नाही. हलू देऊ नका त्यांना तिथून, भाऊजी. घरात काम काय असतं ते कळू द्या की नीट.