लाकडी अंगठा

वर्धा,
दि. ९ मार्च १९५८

चि. श्रीनिवास यास अक्काचे आशीर्वाद.

तुझे पत्र व सोबतचा नगरपालिकेला द्यावयाचा अर्ज पावला. प्रमोदिनीच्या खोकल्यास उतार आहे हे वाचून बरे वाटले. अडुळशाचा काढा आणखी आठवडाभर चालू ठेवावा. माझी प्रकृती वयाला शोभेल अशी आहे.

आता अर्जाविषयी. कवडूने आपल्या दुकानातून बालुशाहीची विद्या चोरली, सबब स्टेशनच्या रस्त्यावरील त्याची हातगाडी उठवावी, असे तू त्यात म्हणतोस. दुकान दोघांच्या नावावर असल्यामुळे माझ्या सहीवाचून तो अर्ज अपुरा आहे. मी सही केलेली नाही. त्याचे कारण सिद्ध करणे, एवढेच या पत्राचे प्रयोजन. वडिलांनी तुला समोर बसवून संध्या शिकवली. मी दाराआड बसून त्यांच्या विद्यार्थ्यांचे न्यायशास्त्र ऐकले. म्हणून त्याच रीतीने लिहिते. प्रतिज्ञा अशी: ती विद्या कवडूची होती, आणि चोरी झालीच असेल तर ती आपल्या हातून झाली.

हेतू तुलाही ठाऊक आहे. लढाईच्या दिवसांत पुलगावला लष्कराचा डेपो आला, शिपाई आले, आणि तू मिलमधली कारकुनी सोडून मिठाईचे दुकान काढलेस. कानपूरचा हलवाई वर्ष भरण्यापूर्वीच न सांगता निघून गेला. उरला तो भट्टीसाठी लाकडे फोडणारा कवडू. तू कपाळाला हात लावून बसला असताना त्याने मैद्यात मोहन घातले, गोळे वळले, मधोमध अंगठा दाबला आणि मंद आचेवर घाणा काढला. तरुणपणी कापसाच्या जिनात सापडून त्याचा अंगठा वाकडा झाला होता, म्हणून खळी तिरपी पडली. पुढे ती तिरपी खळीच दुकानाचे नाव झाली. मिलचे बाबू, डेपोचे शिपाई, गाडी थांबताच धावत येणारे उतारू, सगळे एकच मागत: "ती तिरपीवाली द्या."

कवडूच्या वस्तीला गाव अस्पृश्य मानीत असे. गिऱ्हाइकांना तो केवळ लाकडे फोडणारा म्हणून माहीत होता. तुला भीती वाटली, तू वर्ध्याला माझ्याकडे आलास. मी निर्णय दिला: घृतपक्व अन्नाला स्पर्शदोष लागत नाही, तुपात तळले की ते शुद्धच. तू हसून म्हणालास, "अक्का, तू बॅरिस्टरच व्हायचीस!" मला ते आवडले, हे नाकारीत नाही. मी कवडूवर उपकार केला अशी माझी अनेक वर्षे समजूत होती. तो मागच्या दाराने येई, मागच्या दाराने जाई, आणि गल्ल्यावर तू बसत असस.

उदाहरण म्हणून गेल्या दिवाळीचा प्रसंग घे. कवडूने दुकान सोडून वर्ष लोटले होते. मी तुझ्या भटारखान्यात गेले, तो परातीत मैद्याने माखलेला एक लाकडी अंगठा पडलेला. वाकडा, अगदी नखासकट कोरलेला. नवा हलवाई म्हणाला, "मालिक ने बढई से बनवाया, माँजी. गिराहक तिरछी ही माँगता है."

ज्याला स्वतःचा अंगठा असतो तो सुताराकडे जात नाही. यावर तुझ्यापाशी उत्तर असल्यास कळवावे.

तू लिहितोस, "तो आपणहून गेला." खरे आहे. का गेला ते तू लिहिले नाहीस, आणि मीही येथवर ते टाळीत आले.

तो नागपुराहून दीक्षा घेऊन परतला तेव्हा मी पुलगावलाच होते. पांढऱ्या कपड्यांत दुकानासमोर उभा राहून तो म्हणाला, "मालक, काम तेच करीन. पन आता मांगच्या दारानं येनार नाई. समोरून येईन, समोरून जाईन." दुसरे काही मागितले नाही त्याने. तू माझ्याकडे पाहिलेस. मी म्हणाले, "कवडू, तूप अन्नाला शुद्ध करते, उंबरठ्याला नाही."

तू हसलास. बाकावरचे एक गिऱ्हाईकही हसले. कवडूने खांद्यावरचे भट्टीचे फडके काढले, घडी घालून तुझ्या गल्ल्यावर ठेवले आणि समोरच्या रस्त्याने निघून गेला.

तुझा अर्ज आल्यावर तुला न कळवता मी पुलगावला येऊन गेले. तुझ्या दुकानापुढून न जाता दुसऱ्या अंगाने त्याच्या हातगाडीपाशी पोचले. गर्दी होती. त्याची बायको धुरपता पानांवर माल देत होती. मला पाहताच म्हणाली, "या बाई, समोरूनच या. आमच्या इथं मांगचं दारच नाई." दोन शिपाई खदखदून हसले.

मी कवडूला सांगितले की अर्जावर मी सही करणार नाही, उलट तिरपी खळी त्याचीच आहे असे लिहून देईन. त्याने कढईवरून मान वर केली नाही. "खळी? कुठी राह्यली आता खळी, बाई?"

मी पाहिले. तो अंगठा दाबीतच नव्हता. गोळ्यातून बोट आरपार घालून भोक पाडीत होता. बालुशाही कडीसारखी गोल फुलून वर येत होती. "तो अंगठा तुमच्याच दुकानात राहू द्या," तो म्हणाला. "मले नाई पायजे."

मला राग आला. मी म्हणाले, "तुला आत घेण्याची वाट मीच काढली होती, हे विसरू नकोस."

"कोन्ती वाट?" धुरपताने विचारले.

मी तुपाचा निर्णय सांगितला. तिने शांतपणे ऐकून घेतला. मग म्हणाली, "तूप काऊन लागलं मधी? हात त धुतलेलेच व्हते त्याचे."

वडिलांच्या विद्यार्थ्यांपैकी कोणी असे विचारले असते तर मी तासभर उत्तर दिले असते. मी एक बालुशाही मागितली. तिने दिली, पैसे घेतले आणि पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळली.

ती बालुशाही मी घरी आणली. खाल्ली नाही. तिला साजूक तूप लागलेले नाही, वनस्पती तूप आहे. तुझ्याही कढईत आताशा तेच असते, आणि तुझी मी दिवाळीत खाल्ली. हे लिहिताना ती समोरच्या फडताळात आहे. मुंग्यांना वाट सापडली आहे.

निगमन, म्हणजे निष्कर्ष: अर्ज सही न करता परत पाठवीत आहे. माझ्या सहीवाचून तो तू पुढे केलास, तर खालचा मजकूर मी स्वतः नगरपालिकेत नेऊन देईन. मग आपण कोणाच्या हातचे खात होतो ते सगळ्या पुलगावाला कळेल आणि कदाचित तुझे दुकान बसेल. माझी चूलही त्याच दुकानावर पेटते, हे मी विचारात घेतले आहे.

प्रमोदिनीला आशीर्वाद सांगावेत. लाकडी अंगठा जाळावास असे मी म्हणत नाही. तुझ्याकडे दुसरा नाही.

तुझी,
अक्का

सोबत:

मी, इंदिरा आष्टीकर, राहणार वर्धा, लिहून देते की माझ्या हातून एक चूक झाली. उंबरठ्याविषयी मी जे बोलले ती ही चूक नव्हे. ते वाक्य या चुकीतूनच निघाले. कवडूला आमच्या दुकानातली बालुशाही करू देताना मी तुपाचा आधार शोधला, आणि त्याचे हात अशुद्ध आहेत हे सिद्ध न करताच धरून चालले. ते मला आजही सिद्ध करता येत नाही, आणि तरीही त्याच्या हातची ती बालुशाही फडताळातच आहे.

सही,
इंदिरा आष्टीकर