महादेवला फोन लाव

माय,

'प्रिय' लिहिलं नाही. तुला जन्मात कुणी प्रिय म्हटलं नव्हतं, मी तर नाहीच नाही. मेल्यावर कशाला उगी लाड?

उद्या तुझं वर्षश्राद्ध. बाहेर वसरीवर अण्णा फोन कानाला लावून बसलेत. सकाळी बसले ते अजून उठले नाहीत. ते असे का बसलेत ते कुणाला तरी सांगायला हवं, आणि जित्या माणसापुढं माझं तोंड उघडत नाही. म्हणून तुला लिहितेय. तू काय उलटून बोलणार? तुझं बोलणं तर मीच बंद केलंय.

माझं काम तुला कधी कळलंच नाही. वस्तीवरच्या बायकांना तू सांगायचीस, "लेक धाराशिवला कंपूटरवर आवाज तपासती." बायका विचारायच्या, "म्हंजी डॉक्टर हाय व्हय?" आणि तू ठसक्यात म्हणायचीस, "तसंच कायतरी." तसंच काहीतरी! माय, डॉक्टर निदान तपासून औषध तरी देतो. मी तपासून फेकून द्यायची.

आता नीट सांगते. फोनला मराठी कळावं, खेड्यातल्या म्हातारीनं फोनशी बोलावं आणि फोननं तिचं काम करावं, असं पुण्याच्या एका कंपनीनं ठरवलं. त्यासाठी फोनला आधी हजारो माणसांचं बोलणं ऐकवावं लागतं. ते बोलणं तपासायला कंपनीनं आपल्या एसटी स्टँडामागं, झेरॉक्सच्या दुकानावर एक खोली घेतली आणि आम्हा बारा पोरींना कानाला हेडफोन लावून बसवलं. भिंतीवर मोठ्या अक्षरात लिहिलेलं, 'प्रत्येक आवाज मोलाचा'. आणि त्याखाली बसून आम्ही दिवसभर माणसांचे आवाज निवडायचो. मंजूर, नामंजूर. नामंजूर, नामंजूर. ज्वारी निवडताना खडा काढावा तसं. फक्त आम्ही ज्वारीच फेकत होतो, हे मला लई उशिरा कळलं.

त्या बारा जणींत मी सगळ्यात कडक. त्याबद्दल मला एक मग मिळाला, 'क्वालिटी स्टार' लिहिलेला. तू त्यात मिसरी ठेवायचीस. किती चिडले होते मी तुझ्यावर! आज वाटतं, त्या मगाचा तेवढाच एक खरा उपयोग झाला.

मग एकदा पुण्याहून मोहित सरांनी सांगितलं, म्हाताऱ्या बायकांचे आवाज कमी पडताहेत, प्रत्येकीनं घरची एक आणा. मी तुला धरलं. त्यांची माणसं रामलिंगला फिरायला आली तेव्हा वाकडी वाट करून वस्तीवर आली, तुझा शेळ्यांबरोबर फोटो काढला, कागदावर तुझा अंगठा घेतला आणि गेली. तू त्यांना ताक दिलंस. एकीनं वास घेतला आणि पेला तसाच ठेवला. ते पाहून मला तुझीच लाज वाटली, तिची नाही. असली मी.

दुसऱ्या दिवशी मी तुला वसरीवर फोनपुढं बसवलं. आधी दहा सेकंद गप्प बसायचं असतं. आजूबाजूला काय आवाज आहे ते मशीनला कळावं म्हणून. तू म्हणालीस, "गप बसायचं? ह्येला काम म्हंतेत?" आणि फोटोला बसावं तशी मांडीवर हात ठेवून बसलीस.

मग वाक्यं सुरू झाली. मी वाचायचं, तू म्हणायचं. 'हॉलमधला दिवा बंद कर.' तू म्हणालीस, "दिवा मालव बाई आता."

"माय, आहे तसं म्हण."

"दिव्याला असं बोलतेत व्हय गं? बंद कर म्हनं!"

'उद्या पाऊस पडेल का?' तू म्हणालीस, "उद्या पडतुय का रं बाबा?"

"बाबा कुठं लिहिलंय इथं?"

"मग इचारू कुनाला?"

हसू आलं असतं एखादीला. मला राग आला. मला दोनशे वाक्यं पुरी करायची होती.

आणि मग ते वाक्य आलं. 'महादेवला फोन लाव.' नावं पुण्यातला कंपूटर निवडतो, त्याला काय माहीत तुझ्या नवऱ्याचं नाव महादेव आहे? पण मला माहीत होतं ना! तू लग्नापासून ते नाव घेतलं नव्हतंस. रामलिंगाच्या देवळात सगळे 'हर हर महादेव' म्हणायचे तेव्हा तू नुसती 'हर हर' म्हणून थांबायचीस. लहानपणी मी ते बघायची आणि तुझी नक्कल करायची.

तू पदर तोंडाला लावलास. "दुसरं दे."

"दुसरं नसतं. हेच म्हणायचं."

"ह्यांला फोन लाव, म्हनू का?"

"नाही."

"सुरीच्या बापाला?"

"माय, परत म्हण. नीट म्हण."

सतरा वेळा मी तुला 'परत म्हण' म्हणाले. मोबाइलवर आकडा दिसतो, म्हणून माहीत आहे. मधी तुला सुनावलंसुद्धा. तुमच्या असल्या अडाणीपणानंच आपली माणसं मागं राहिली, नवरा काय देव आहे का, बाईला काही अक्कल आहे की नाही! कोण बोलत होतं हे? माझ्याहून चार वर्षांनी लहान पोराला दिवसातून पन्नास वेळा 'सर' म्हणणारी मी.

शेवटी तू माझ्याकडं पाठ केलीस, शेळ्यांकडं तोंड केलंस आणि म्हणालीस. हळू. मधी अडखळून, पण पुरं नाव. मग तू पदराआड हसलीस की रडलीस, ते मला दिसलं नाही. मी पुढचं वाक्य वाचत होते.

आता पुढचं ऐक. यासाठी मला नरक मिळायचा असला तर मिळू दे.

तुझं बोलणं ऑफिसात शीतलच्या वाट्याला आलं. कळंबची पोरगी, माझ्या शेजारी बसते. बोलणाऱ्याचं नाव नसतं, नुसता नंबर असतो. तिनं हेडफोन काढला आणि खिदळत म्हणाली, "मॅडम, ऐका तरी! ही आज्जी मशीनला 'बाबा' म्हणतीया!" सगळ्या पोरी गोळा झाल्या. मी ऐकलं. तुझाच आवाज. आणि मी काय केलं असेल, माय? मीही हसले. त्यांच्याहून मोठ्यानं.

शीतलनं विचारलं, "घ्यायची का हिला?"

मी म्हणाले, "कर बाद."

मग नावाचं वाक्य आलं. तुझा आवाज बारीक, पाठीमागं लंगडी शेळी ओरडतेय. शीतल माझ्या तोंडाकडं बघत होती. यादीतून कारण निवडावं लागतं. मी निवडलं, 'पार्श्वभूमीचा आवाज'. निम्म्याहून जास्त वाक्यं नापास झाली की माणूसच बाद होतो. तू बाद झालीस. मी खाली जाऊन चहा प्यायले.

तू मात्र घरी काय केलंस! अण्णांना म्हणालीस, "तुमचं नाव घेतलंय म्या. पर त्या यंत्रात. ऐकायचं आसंल तर लेकीला मागा." हे मला अण्णांनी तुझ्या दहाव्यानंतर सांगितलं. तू असताना ते लाजले होते मागायला. एवढ्या वर्षांचा संसार आणि दोघं अशी लाजणारी! छातीत कळ आली म्हणालीस, जीप येईस्तोवर गेलीस, आणि लाजायला कुणी उरलं नाही. मग ते मागायला लागले.

मी शोधलं, माय. बाद केलेलं बोलणं महिन्याभरात आपोआप पुसलं जातं. मी मोहित सरांना फोन केला. तू गेलीस तेव्हा त्यांनी ग्रुपवर हात जोडल्याचं चित्र टाकलं होतं, 'आपण सगळे एक कुटुंब आहोत' असं लिहिलं होतं, आणि तिसऱ्या दिवशी राहिलेल्या कामाची शीट मागितली होती. ते म्हणाले, "डिलीट म्हणजे डिलीट हो. पॉलिसी आहे. तुमच्या आईच्याच प्रायव्हसीसाठी आहे."

"आणि तिचा फोटो?"

"त्याला संमती आहे ना. अंगठा आहे."

फोटो राहिला. आता भिंतीवर तूच आहेस, 'प्रत्येक आवाज मोलाचा' याच्या बरोबर खाली, करडू कवेत घेऊन. लई गोड दिसतेस. या धंद्यातल्या लोकांना आपलं गाव असंच आवडतं, चित्रातलं, तोंड मिटलेलं.

पण सगळं त्यांच्या माथी मारून मी सुटत नाही. तू गेल्यावर मी नियमांचं पुस्तक पहिल्यापासून वाचलं. त्यात साफ लिहिलंय, गावाकडची बोली चालेल, शब्द पुढंमागं झाले तरी चालतील. चालेल! तसलीच बोली हवी होती त्यांना. ती बाद करायला मला कुणीच सांगितलं नव्हतं. 'न्हाय' आलं की नापास, 'व्हय' आलं की नापास, हा नियम माझा. आमच्या खोलीतल्या बारा जणींचा. आमचीच भाषा ऐकून आम्हाला घाम फुटायचा. पुण्यातल्यांना वाटू नये की आम्ही अशाच घरांतून आलोय! आणि बघ, या पत्रातही हात 'नाही'च लिहितो.

आता वस्तीवर कुणी त्या फोनशी बोललं की फोन म्हणतो, 'मला समजले नाही. कृपया पुन्हा बोला.' म्हातारी माणसं घाबरून परत बोलतात, परत बोलतात, मग फोन ठेवून देतात. तो हे कुठून शिकला, ठाऊक आहे तुला? तुझ्या लेकीनंच शिकवलं.

वर्षभर मी अण्णांना टोलवलं. सर सुट्टीवर आहेत, मशीन बंद आहे, पुण्याहून यायचंय. आज सकाळी ते आंघोळ करून, धुतलेलं धोतर नेसून माझ्यापुढं बसले. म्हणाले, "सुरे, उद्या तिचं वरीस हाय. आज ऐकवच."

मला माहीत होतं ते मागणार. म्हणून मी काल ऑफिसात एक काम करून ठेवलं होतं. कंपनीनं एक नकली आवाज बनवलाय. 'ग्रामीण स्त्री, ज्येष्ठ' असं त्याचं नाव. टाइप करा ते बोलतो. मी टाइप केलं, 'महादेवला फोन लाव'. आणि सकाळी तेच अण्णांना लावून दिलं. होय, हेही केलं मी.

अण्णांनी ऐकलं. "परत लाव," म्हणाले. परत ऐकलं. मग फोन माझ्या हातात दिला.

"ही कोन?"

"माय आहे, अण्णा."

"ही? येष्टीत कंडक्टर गावाचं नाव घेतो तशी घेतीया की नवऱ्याचं नाव! जरासुदिक अडकली न्हाय. न्हाय गं. ही दुसऱ्या कुनाची तरी बाई हाय."

ज्या माणसाला एका कानानं ऐकू येत नाही, त्यानं दोनदा ऐकून बाद केलं. बरोब्बर केलं. त्या 'क्वालिटी स्टार' मगाचा मान खरा त्यांचा.

मग माझ्याकडं एकच उरलं. दोनशे वाक्यं पुसली गेली, पण ती पहिली दहा सेकंदं वेगळ्या खणात असतात. तिथं शेळी ओरडली तरी चालते, तीच हवी असते. ती मंजूर झाली होती. तुझ्या एवढ्या बोलण्यातलं फक्त तुझं गप्प बसणं कंपनीला पसंत पडलं. ते मी लावून दिलं.

शेळीच्या गळ्यातली घंटी वाजली. तुझी बांगडी एकदा वाजली. तू श्वास घेतलास, दम लागल्यावर घ्यायचीस तसा, नाकातून. अण्णांचं तोंड बदललं.

"हं," ते म्हणाले. "हीच. बसलीया. आता बोलंल."

आणि संपलं.

"परत लाव की."

त्यांना कुठं दाबायचं ते मी दाखवलं. तेवढी हिंमत झाली. यापुढं काही नाही हे सांगायची झाली नाही. तेव्हापासून ते दाबताहेत. दर वेळी पुढं झुकतात, दर वेळी वाटतं आता बोलशील. दुपारी शेळ्या सोडायला उठले नाहीत. आता मधीच म्हणाले, "लाजतीया अजून." आणि हसले, माय. एवढा मोठा माणूस, पोरासारखा हसला.

असं त्यांना लाजरी बायको देऊन मी सुटणार होते. दहा सेकंदांत ते सुखानं मरेपर्यंत बसले असते, आणि मी रोज एसटी धरून तुझ्या फोटोखाली काम करत बसले असते. सोपं होतं. पण मग दोष तुझा होईल. तू लाजलीस म्हणून नाव राहिलं, असं ते समजतील. तू तर घेतलं होतंस! सतरा वेळा मी छळल्यावर, लेकीचं काम अडू नये म्हणून, जन्माची लाज मोडून घेतलं होतंस.

म्हणून शब्द देते. उद्या भाऊबंद जमतील. पानावर तुझा नैवेद्य वाढायच्या आधी, सगळ्यांच्या देखत, मी अण्णांना सांगेन. तिनं तुमचं नाव घेतलं होतं. पुरं घेतलं होतं. ते नाव कुणाचं हे जाणणारी मी एकटी होते, आणि मीच ते पुसलं. तिची लाज वाटली म्हणून पुसलं. मग त्यांनी मला काय म्हणायचं ते म्हणू दे. मी त्यांना 'परत म्हणा' म्हणणार न्हाय.

बाहेरून हाक आलीय. "सुरे, जरा बग गं. ही बोलंना."

जाते.

तुला गप्प बसलेलीच तेवढी पास करणारी,
तुझी लेक
सुरेखा