शंभराव्या पानावर तू

आई, गेल्या महिन्यात मी एक कादंबरी विकत घेतली आणि तिच्यात तू निघालीस. दुसऱ्या कुणाला सांगितलं तर मला वेड लागलंय म्हणतील, म्हणून तुलाच लिहिते. तू जाऊन एकोणीस वर्षं झाली. आता मी तुझ्या तेव्हाच्या वयापेक्षा दोनच वर्षांनी लहान आहे.

म्हैसूरच्या लष्कर मोहल्ल्यातल्या आपल्या घराची पुढची खोली म्हणजे तुझी लायब्ररी. तीन कपाटं, एक टेबल आणि रस्त्यावर उघडणारं ते जुनं दोन फळ्यांचं दार. बाबा गेल्यावर तू ती काढलीस. मराठी पुस्तकांची पार्सलं पुण्याहून आणि बेळगावाहून यायची, कन्नड इथलीच. नवीन लेखक शोधायची तुझी एक तऱ्हा होती. पहिलं पान वाचायचं आणि मग थेट शंभरावं. प्रेमाच्याच गोष्टी तुला आवडायच्या, पण मंद आचेवरच्या. शंभराव्या पानापर्यंत दोघांनी एकमेकांचा हात धरला असेल तर तू पुस्तक मिटायचीस. "नोडु, बघ, यांना घाई झालीय. आता पुढं काय वाचायचं?" मी कॉलेजात होते, मला या सगळ्याची लाज वाटायची. एकदा मी बोलून गेले, "बाबा नाहीत, आणि तू असली पुस्तकं वाचत बसतेस. लोक काय म्हणतील?" तू भाकरी थापत होतीस. हात न थांबवता म्हणालीस, "बाबा नाहीत म्हणूनच वाचते. सुम्मने गप्प बस." त्यानंतर आठवडाभर तू माझ्याशी कामापुरतंच बोललीस.

आता मीही तसलीच पुस्तकं वाचते. आम्हा चार बायकांचा फोनवर एक ग्रुप आहे. पुण्याहून नोकरीसाठी इथं आलेली एक मैत्रीण या पुस्तकांना 'स्लो बर्न' म्हणते. जुने लेखक वाचून संपले, त्यामुळे नवीन शोधून काढायचं काम माझ्याकडे आलं. मी काय करते सांगू? आवडलेल्या पुस्तकाच्या शेवटी लेखिकेनं कुणाकुणाचे आभार मानलेत ते बघते. त्यात एखादं अनोळखी नाव असतं, तीही लिहिणारीच निघते. असंच एका कन्नड मुलीचं नाव सापडलं. पहिलीच कादंबरी, म्हैसूरजवळच्या एच. डी. कोटेची राहणारी, शाळेत शिकवणारी. फोनवर वाचलं तर पान नंबर नीट कळत नाही, म्हणून छापलेली प्रत मागवली. नजरबादच्या माझ्या ऑफिसात, जेवणाच्या सुट्टीत, तुझ्यासारखंच शंभरावं पान उघडलं.

त्या पानावर एक बाई परत आलेलं पुस्तक नाकाशी धरते आणि म्हणते, "हे चुलीपाशी बसून वाचलंय." मग ते पदराने पुसून कपाटात ठेवते. मी डबा तसाच झाकून ठेवला. हे तू रोज करायचीस. मी कधी कुणाला सांगितलं नव्हतं, सांगण्यासारखं त्यात काही आहे असंही वाटलं नव्हतं. पुढं वाचत गेले. बाई विधवा आहे, लायब्ररी चालवते. दर गुरुवारी एक गृहस्थ पुस्तक बदलायला येतो. पूर्ण बाह्यांचा सदरा, हातात छत्री, पुस्तक वर्तमानपत्रात गुंडाळलेलं. कधी बसत नाही. आई, तो मला आठवला. इतकी वर्षं आठवला नव्हता, आणि एका अनोळखी मुलीच्या पुस्तकात तो छत्री टेकवून उभा होता. सुट्टी संपली तरी मी जागची हलले नाही. शेजारच्या टेबलावरची बाई विचारत होती, "काय झालं? घाम किती आलाय तुम्हाला!"

शेवटचं प्रकरण मी रविवारी भर दुपारी वाचलं, मुद्दाम, खिडक्या उघड्या टाकून. त्यात ती बाई आजारी आहे. स्वयंपाकघरात अवरेकाळूच्या, पावट्याच्या शेंगा सोलत बसलीय आणि कामाला निघालेल्या मुलीला म्हणते, "दार नुसतं लोट. कडी घालू नकोस."

हे तू मला म्हणाली होतीस. त्या शेवटच्या गुरुवारी. घरात आपण दोघीच होतो. तुला तीन दिवस ताप होता, डॉक्टरांनी झोपून राहायला सांगितलं होतं आणि तू तरी पुस्तकं द्यायला उठायचीस. मी हो म्हटलं, बाहेर पडले आणि बाहेरून कडी घातली. मागचं दार होतंच, तू काही अडकली नव्हतीस. लायब्ररी बंद दिसावी, कुणी येऊन त्रास देऊ नये, एवढंच माझ्या मनात होतं. संध्याकाळी आले तेव्हा कडी तशीच होती. पायरीवर वर्तमानपत्रात गुंडाळलेलं एक पुस्तक होतं. आत तू दाराला लागून खुर्ची ओढून बसली होतीस, केस विंचरलेले, पातळ बदललेलं, आणि तू गेलेली होतीस. डॉक्टर म्हणाले, हृदय थांबलं. मी सगळ्यांना सांगितलं की दार उघडंच होतं. मग महिन्याभरात सगळी पुस्तकं रद्दीवाल्याला दिली, ते पायरीवरचंही. तो गृहस्थ पुन्हा कधी दिसला नाही.

मी त्या लेखिकेला पत्र लिहिलं आणि तिनं लगेच बोलावलं. बसने एच. डी. कोटेला गेले. तिशीतली साधी मुलगी, मला दारातच "बनी अक्का, या" म्हणाली. घरात तुझी सात पुस्तकं होती, तुझ्या जांभळ्या शिक्क्यासकट. तिच्या मामाच्या दुकानात म्हैसूरची रद्दी पुड्या बांधायला यायची, त्यातून तिनं लहानपणी उचललेली. तिनं एकेक पुस्तक शंभराव्या पानावर उघडून माझ्यापुढं ठेवलं. समासात तुझं बारीक पेन्सिलीचं अक्षर, कन्नडात. 'आज दहा मिनिटं थांबला.' 'या पुस्तकाला हळदीचा वास येतो. म्हणजे स्वयंपाकही तोच करतो.' 'छत्री विसरून गेला. मी हाक मारली नाही. उद्या शुक्रवार, तरी येईल.' आई, ही पुस्तकं माझ्या डोळ्यांसमोर होती, आणि मी त्यातलं एकही कधी उघडलं नाही.

मला जरा हायसं वाटलं. म्हणजे तिला सगळं तुझ्याकडूनच कळलं होतं. मी विचारलं, "आणि ते कडीचं वाक्य? ते कुठल्या पुस्तकात आहे?"

"ते कुठंच नाही, अक्का," ती म्हणाली. "शेवटचं प्रकरण माझंच. दुपारी मुलांचे पेपर तपासत होते. आतून कुणीतरी सांगितल्यासारखं ऐकू आलं. मी घरात एकटीच होते. उठून स्वयंपाकघरात बघून आले, आणि मग लिहून काढलं."

तिच्या पुस्तकात मुलगी दार नुसतं लोटून जाते. तो येतो, दार ढकलतो, पहिल्यांदाच खुर्चीवर बसतो आणि पुस्तक संपतं. मला ते सहन होईना. एकोणीस वर्षांत कुणाला सांगितलं नव्हतं ते मी त्या परक्या मुलीला सांगितलं. मी कडी घातली होती म्हणाले.

ती उठली. आत गेली आणि एक शाळेची वही घेऊन आली. कच्चा मजकूर तिनं त्यात लिहिला होता. शेवटच्या पानांपैकी एकावर बोट ठेवून मला दाखवलं. आडवी रेघ मारून खोडलेलं, तरी वाचता येत होतं: 'मुलीने बाहेरून कडी घातली.'

"पहिल्यांदा असंच उतरलं होतं," ती हळू आवाजात म्हणाली. "मग वाटलं, कुठली मुलगी असं करेल? म्हणून खोडलं."

त्या ओळीखाली आणखी आठ-दहा ओळी खोडलेल्या होत्या. तिनं त्या पंजाने झाकून धरल्या. "तो येतो, कडी बघतो, आणि ती आत बसलेली असते, तेवढाच भाग आहे. दाराच्या दोन्ही बाजूंनी काय झालं ते. वाचून दाखवू?"

तिचे डोळे भरून आले होते. मला त्या घराच्या स्वयंपाकघराकडं बघवेना. तिथं कुणी नव्हतं, तरी कुणीतरी काम थांबवून ऐकत असल्यासारखी शांतता होती. मी पर्स उचलली. "नको गं अम्मा, माझी बस सुटेल," म्हटलं आणि पायऱ्या उतरले.

हे पत्र कुठं पाठवायचं नाहीच आहे, म्हणून तुला खरं सांगते. बस सुटायला अजून दोन तास होते.