साडेतीनशे वॅट

६ ऑगस्ट
सकाळी राजुऱ्याहून निघालो, दुपारी अहेरी, तिथून जीपने टोल्यावर, म्हणजे छोट्या वस्तीवर. बारा घरं, एक दवाखाना. मागची खोली मला. मोकळी हवा, बरं वाटलं. वीज इथे आलेलीच नाही. सोलरसाठी बॅटऱ्या किती लागतील ते ठरवायचं. आधीच्या माणसाने आठ बसवल्या. ढगाळ दिवस धरलेच नाहीत. असल्यांना इंजिनिअर म्हणतात.
नीलिमा गेल्यावर पहिल्यांदाच बाहेर झोपणार.

७ ऑगस्ट
घरोघर बल्ब मोजले. सोमारीबाई एकटी, तरी दोन सांगते. दुसरा म्हणे वारलेल्या नवऱ्याचा. विधी करून त्याला घरात परत आणलंय. प्रत्येक घरात हेच. मेलेल्यांना वीज लागत नाही, असं तोंडावर सांगून सगळे जास्तीचे बल्ब खोडले. बाई चिडली नाही. म्हणाली, "तुयं कोन गेलं, भाऊ? त्याचंबी धरून टाक. नाई धरलं तर ते आपल्या हातानं घेते."
बायकोचं नाव घेतलं नाही, कागद मिटून निघालो.

९ ऑगस्ट
ढग. दुपारी सगळं बंद करून मीटर लावला. तरी साडेतीनशे वॅट जातायत. कोणीतरी चोरून शेगडी लावली असणार. बारा घरं तपासली. काही नाही. अडाणी, वर लबाड.

१० ऑगस्ट
एकेक वायर सोडवली. घरं सुटली, दवाखाना सुटला. आकडा तोच. उरली माझ्या खोलीची वायर. एक बल्ब, एक पंखा. दोन्ही बंद.
नीलिमाचं ऑक्सिजनचं मशीन साडेतीनशे वॅटचं होतं. ते राजुऱ्यातच देऊन टाकलंय.

११ ऑगस्ट
घरच्या इन्व्हर्टरची बॅटरी मीच ठरवली होती. चार तासांची. ती म्हणाली मोठी घ्या, मी हसलो. त्या दिवशी वीज सहा तास गेली. मी कामावर — असल्यांना इंजिनिअर म्हणतात.

१२ ऑगस्ट
दिवसाढवळ्या मशीनची घरघर. खाटेपलीकडून. मधेच श्वास —
लोडच्या कागदावर लिहिलं: खोली, ३५०, चोवीस तास. चाळीस बॅटऱ्या लागतात. आहेत आठ.

१३ ऑगस्ट
ढग. बाराही घरांच्या वायरी काढल्या. दवाखान्यातल्या लसींच्या फ्रीजचीही. सोमारीबाई दारात उभी राहिली, बघून गेली.
तेवढ्यानेही बॅटऱ्या चारच तास पुरतील.
माझा पंखा बंद. बल्ब काढून ठेवला.
दोन तास — एक —
घरघर थांबली. श्वास चालू आहे, ओढून ओढून. वारा घालायला खोलीत काही नाही. ही वहीच —