बारा शुक्रवारांची वही

मी, जितेश काशिनाथ भोईर, वय ५४, धंदा सांडपाणी शुद्धीकरणाच्या नव्या यंत्रांची चाचणी, राहणार मांजर्ली, बदलापूर पश्चिम, हे मृत्युपत्र कोणाच्याही दडपणाखाली न येता लिहीत आहे. माझी बुद्धी स्थिर असल्याचा दाखला डॉक्टरांनी दिला आहे. पत्नीने अद्याप दिलेला नाही.

१. दुसऱ्या मजल्यावरची सदनिका व बँकेतील ठेवी पत्नी सौ. उमा हिच्या. खालचं पार्किंग मोठ्या पावसात नदी घेऊन जाते. तिला मृत्युपत्र लागत नाही.

२. कन्या प्राची हिला माझी संस्कृतची पुस्तकं. लहानपणी पाण्याची दोन डझन संस्कृत नावं मी घडाघडा म्हणत असे. निळ्या पाण्याला त्यांत एकही नाव नव्हतं, हे नोकरीत कळलं.

३. गमबूट व नमुन्यांच्या बाटल्या माझी सहायक भाविका हिला. पहिल्याच आठवड्यात तिने विचारलं होतं, "सर, सगळे नमुने शुक्रवारचेच कसे?" मी म्हणालो, "योगायोग." बाई, तो योगायोग नव्हता.

४. यंत्र विकणाऱ्या कंपनीचे श्री. अल्पेश यांना नाल्याच्या सोमवारच्या पाण्याची एक बाटली, बूच घट्ट. "सर, मंडे को मत आना, मशीन शरमाती है," असं ते हसत म्हणत. मीही हसलो, हे इथे नमूद करतो.

५. आता मुख्य गोष्ट. चामटोलीकडच्या नाल्यावर, जिथे वरच्या कारखान्यांतून जीन्स धुतलेलं निळं पाणी येतं, मी त्या यंत्राची चाचणी घेतली. इतर दिवशी गाळणी तासाभरात तुंबे. शुक्रवारी कारखान्यांची साप्ताहिक सुट्टी, नाला सोवळ्यात. म्हणून बारा नमुने, बारा शुक्रवार. नाल्याकाठी भेंडी-पालक लावणाऱ्या गोदूबाई, माझ्या वडिलांची चुलत बहीण, बांधावरून ओरडल्या होत्या, "अरे जित्या, आज कंपन्या बंद हायेत! सोमवारी ये, मंग बघ." मी हात हलवला आणि बाटली भरली.

अहवालात एकही आकडा खोटा नाही. तारखा दिल्या, वार दिले नाहीत. त्या अहवालावर नाल्याचं शुद्धीकरण केंद्र उभं राहिलं आणि तीन महिन्यांत तुंबलं. पाणी शुद्ध न करताच बाजूने सोडू लागले. आत्यांची विहीर निळी झाली, वाफे करपले. त्यांनी तक्रार केली, तर केंद्राच्या साहेबांनी अहवालावरची माझीच सही दाखवली: "तपासलेलं पाणी आहे, आजी." त्या तक्रारीची पुढची सुनावणी वीस तारखेला आहे. वार लिहिलेली माझी कच्ची वही तेवढी त्यांच्या बाजूने बोलू शकते. ती चार वर्षं माझ्या कपाटात गप्प आहे. ती वही माझ्या मृत्यूनंतर श्रीमती गोदूबाई यांना द्यावी.

६. वरील कलम लिहून झाल्यावर साक्षीदार म्हणून आत्यांना बोलावलं. हे मृत्युपत्र तपासणारे वकीलसाहेब म्हणाले, "ज्यांना काही मिळायचंय त्यांनी साक्षीदार होऊ नये." त्यांनी कलम वाचून दाखवलं.  आत्या म्हणाल्या, "तू मरायची वाट मी बघू? का माझ्या इहिरीने बघायची?" मी म्हणालो, नोकरी जाईल, आत्या. त्या म्हणाल्या, "माझी शेती गेली, तवा तू काय केलंस?"

मी उठून कपाटातून वही काढली. सबब कलम ५ मधील शेवटचं वाक्य रद्द. वही आत्ता, सर्वांसमक्ष, त्यांच्या पिशवीत गेली आहे. वीस तारखेला वार मी स्वतः वाचून दाखवीन. आता माझ्याकडून त्यांना काहीही मिळायचं उरलेलं नाही, म्हणून त्या साक्षीदार होऊ शकतात. माफी मागितली, ती दिलेली नाही, याचीही नोंद असावी.

साक्षीदार:
१. गोदूबाई (डाव्या हाताचा अंगठा)
२. डॉ. सरस्वती म्हात्रे (सही)

लिहून देणार: जितेश काशिनाथ भोईर (सही)

स्थळ: बदलापूर
दिनांक: १२ जानेवारी २०२६
वार: सोमवार