तीन कोरडी घरं

विलिस्टन, नॉर्थ डकोटा
६ ऑक्टोबर

प्रिय हार्लन,

कसा आहेस? लोरेटा वहिनी बरी ना? मी ठीक. तेलाच्या विहिरीवर बारा बारा तास पाइप ओढतो. वारा असा, की कान गळून पडावेत. अक्षर लागलं नाही तर वहिनीकडून वाचून घे.

रविवारी बंदुकांच्या बाजारात एक रिव्हॉल्व्हर घेतली. बंदुकीची काळी दारू ठासायची, जुन्याची नक्कल, तीही वापरलेली. बाबाकडे होती तशीच, पितळी चौकटीची.

विकणारी म्हातारी पक्की होती. मी गोळ्यांच्या चक्राच्या सहाही घरांत पेन्सिल घालून बघितली, आत जुना बार राहिला नाही ना म्हणून. ती म्हणाली, "अरे वा, कुणीतरी शिकवलंय तुला!"

"बाबानं."

"मग नळीत गंज का, तेही कळलं असेल. आधीच्या मालकाला साबणाच्या पाण्यानं धुवायचा कंटाळा. अगदी माझ्या नवऱ्यासारखा!"

मग तिनं चरबीची डबी फुकट पुढं केली. "गोळी ठासली की प्रत्येक घराच्या तोंडाला ही फास. एक जरी कोरडं राहिलं, तर ठिणगी शेजारी शिरते अन् सगळी एकदम उडतात. हात जातो, पोरा."

मी डबी धरून तसाच उभा. ती म्हणाली, "काय रे, भूत बघितलंस का?"

बाबासाठी घेतली होती, हार्लन. त्यानं त्याची अपघाताच्याच संध्याकाळी नदीत फेकली होती ना. आईनं लिहिलंय, डॉक्टर म्हणतात, बर्फ पडेपर्यंत टिकला तर नशीब.

आता लिहितोच. त्या दिवशी गोळ्या बाबा ठासत होता. चरबी मी लावत होतो. तीन घरं झाली आणि तू ओरडलास, "आण की लवकर, पाळी माझी आहे!" तीन कोरडी होती. मला माहीत होतं. म्हटलं, काय होतंय. आणि दिली तुझ्या हातात.

धूर विरायच्या आत बाबा ओरडला, "चूक माझी! चरबी लावायला मीच विसरलो!" नंतर ट्रकमागं माझी कॉलर धरून म्हणाला, "तोंड उघडलंस तर बघ. तुम्हा दोघांना अजून बरीच वर्षं एकमेकांचे भाऊ म्हणून काढायचीत. माझं काय, झालं आयुष्य."

तुझी दोन बोटं गेली, घोड्यांना नाल मारायचं काम गेलं. पाच वर्षं तू बाबाचा उंबरा चढला नाहीस. आणि मी इतक्या लांब पळून आलो, कामाच्या नावाखाली.

रिव्हॉल्व्हर परत देऊन टाकली. नवी बंदूक देऊन काही भागणार नव्हतं.

हे पत्र शुक्रवारी पोचेल. मी शनिवारच्या बसनं निघतोय, दोन दिवस लागतील. तुला बाबाचं घर चाळीसच मैल आहे. माझ्याआधी तू जा. मला मारायचं ते मग मार, मी हात उचलणार नाही.

चरबीची डबी ज्याच्या हातात होती तो,
तुझा भाऊ
वेंडल